शेंदराची खोळ

सरू गांगुर्डेला हसताना पाहिलेली माणसं नाशिकरोडला फार नसतील. मी त्यांतली एक, म्हणून तिच्याबद्दल लिहायचा हक्क मी माझ्याकडे घेते. आम्ही दोघी नगरपालिकेच्या एकाच शाळेत होतो. ती आठवीला इतिहास शिकवायची, मी चित्रकला. तिचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसायची. माझ्या तासाला बाजार भरायचा. हेडमास्तर मला बोलवून घ्यायचे आणि म्हणायचे, "मालनबाई, गांगुर्डे बाईंकडून थोडं शिका." मी शिकले नाही. एका शाळेला एक सरू पुरे होती.

कडक खळ घातलेली पांढरी सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि चाल अशी की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. तिचे वडील रेल्वेत खलाशी होते, मूळ गाव बागलाणातलं. छप्पन्न साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्याबरोबर घरातले देव फडक्यात बांधून गोदावरीत सोडून आले. सरू तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. "देव गेले त्याचं काही वाटलं नाही," ती मला एकदा म्हणाली होती, "आई रडली त्याचं वाटलं." तेव्हापासून तिने कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत. पण दुसऱ्या कुणी जोडले तर टिंगलही केली नाही. माझ्या घरी सत्यनारायण असला की ती पूजा आटोपल्यावर यायची, जेवायची आणि माझ्या सासूबाईंच्या हातच्या शिऱ्याचं तोंड भरून कौतुक करायची.

त्या काळात विद्यापीठाने नाशकात एक छोटं संग्रहालय काढलं होतं. जुन्या इमारतीच्या चार खोल्या, त्यांत उत्खननातली खापरं, मणी, नाणी आणि हात-नाक तुटलेल्या मूर्ती. तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. मग वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांसाठी तिथे उन्हाळी वर्ग घ्यावा. शाळाशाळांतून मुलं निवडून आली, पण मे महिन्याची सुट्टी सोडून शिकवायला मास्तर कोण येणार? सरू गेली, आणि जाताना मलाही ओढून घेऊन गेली. "खापराचं चित्र कसं काढायचं ते शिकव पोरांना. घरी बसून पापडच लाटणार आहेस ना?" त्या वर्षीचे माझे पापड जाऊबाईंनी लाटले, आणि ते त्या मला अजून ऐकवतात.

पहिल्याच दिवशी तिचा क्युरेटर साहेबांशी खटका उडाला. भिंतीवर पाटी होती, 'वस्तूंना हात लावू नये.' सरूने खुर्चीवर चढून ती पाटी उलटी केली.

"अहो बाई, नियम आहे तो," साहेब धावत आले.

"माझ्या लहानपणी मला पुष्कळ गोष्टींना हात लावायची बंदी होती, साहेब," सरू खुर्चीवरूनच म्हणाली. "त्यातून मी काही शिकले नाही."

साहेब सभ्य गृहस्थ होते. ते आपल्या खोलीत गेले, आणि त्यानंतर मे संपेपर्यंत फारसे बाहेरच आले नाहीत. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पोरं खापरं हातात घ्यायची, पाण्यात बुडवून ब्रशने धुवायची, खाचेतली माती बांबूच्या काडीने काढायची, आणि सरू पाठीमागे हात बांधून टेबलांमधून फिरत असायची. मुलांच्या जोड्या ती स्वतः लावायची. एकाने वस्तू हाताळायची, दुसऱ्याने पाहिलेलं सांगायचं, मग अदलाबदल. कुणाची जोडी कुणाशी, याचा ती आदल्या रात्री फार विचार करते हे फक्त मला ठाऊक होतं. नोटांच्या छापखान्यातल्या कामगाराचा मुलगा, पंचवटीतल्या भटजींची मुलगी, गंजमाळेवरच्या शिंप्याचा पोरगा, अशी ती सरमिसळ करायची आणि कुणी जागा बदलून मागितली तर नुसतं बघायची. मग तो मुकाट्याने जागेवर जायचा.

एकोणऐंशी सालच्या वर्गात तिने गोरक्ष निकम आणि लंका साळवे यांची जोडी लावली. गोरक्षचे वडील छापखान्यात होते, घरचं मूळ सटाण्याकडचं, शेतीवाडीवालं. पोरगा तोंडाळ आणि भलताच उत्साही. एखादं खापर हातात आलं की त्यावर आख्खी लढाई रचून मोकळा व्हायचा. लंकाचे वडील देवळालीच्या छावणीत माळी होते. ती मोजकं बोलायची आणि बोलली की त्यातून एक शब्द वगळता यायचा नाही. "लढाई नाही, चूल आहे. खालून काळं झालंय," असं म्हणून गोरक्षचे सगळे राजे ती एका फटक्यात मारून टाकायची. सरू ते ऐकून तोंड फिरवून हसायची.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात मराठवाड्यात तिथल्या विद्यापीठाच्या नावावरून दलितांच्या वस्त्या जळाल्या होत्या. नाशकात तसं काही घडलं नव्हतं. पण सरूच्या कॉलनीत माणसं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची बंद झाली होती, आणि दारं दिवेलागणीलाच लागत होती. तिने मला ते कधी सांगितलं नाही. मीच एकदा तिच्याकडे गेले तेव्हा दार उघडायला लागलेल्या वेळावरून ओळखलं.

वर्ग संपत आला की एक दिवस बाहेर सहल असायची. त्या वर्षी देवळ्याच्या अलीकडचं एक गाव ठरलं. गावाचं नाव मी सांगणार नाही. माझी मावसबहीण तिथे दिली आहे, आणि मला अजून तिच्याकडे जेवायला जायचं असतं. गावाबाहेर पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं, जुन्या वस्तीचं. पावसाने वर आलेली खापरं तिथे अशीच पडलेली असायची. टेकाडावर फिरायची परवानगी सरूने ग्रामपंचायतीकडून आधीच काढली होती. भाड्याच्या एस.टी.ने आम्ही गेलो. शिवारात उन्हाळी कांदा काढून झाला होता आणि गावातले गडी तो साठवायच्या चाळी भरत होते. कांद्याच्या वासाने डोकं भणभणत होतं.

टेकाडाच्या पलीकडे लिंबाखाली एक दगड होता. कमरेएवढा उंच, शेंदराने इतका लिंपलेला की त्याला ना तोंड ना हात, नुसता लाल गोळा. पोरांनी आम्हांला ओढत तिथे नेलं.

"हा तुमचा-आमचा नाही," सरू म्हणाली. "गावाचा देव आहे. दुरून बघायचं. मी गावात विचारून येते."

आम्ही दोघी गावाच्या दिशेने निघालो. पहिल्या कांदाचाळीपर्यंतही पोचलो नसू, तोच मागचा गलका एकदम थांबला. पोरांच्या गोंगाटाची शिक्षकाला सवय असते. ती गप्प झाली, म्हणजे काहीतरी बिघडलं. सरूने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी पळत सुटलो.

शेंदराची ती सगळी खोळ दगडावरून उतरली होती. पिढ्यान् पिढ्या एकावर एक लागलेल्या लेपाचा तो जाड, जड पत्रा गोरक्ष आणि लंका दोघं दोन बाजूंनी धरून उभी होती. आतला काळा दगड उघडा पडला होता, आणि त्यावर तलवार घेतलेला एक माणूस होता, त्याच्या पायाशी दोन गाई.

"बाई, बघा ना, आत माणूस आहे!" गोरक्षचा चेहरा आनंदाने फुलला होता. कडेला भेग होती, त्याने तीत बांबूची काडी घातली होती. महिनाभर आम्हीच शिकवलं होतं तसं. काडी जराशी फिरवली आणि सगळा लेप सुटला.

"खाली पडून फुटली असती, म्हणून मी धरली," लंका म्हणाली.

दुरून बघायचं म्हणजे किती दुरून, हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि माती काढली की आतलं खरं दिसतं, हे मात्र रोज सांगितलं होतं. त्यांना शेंदूर आणि माती यांतला फरक कळला नाही. नाशकात वाढलेल्या पोरांना तो कळणार तरी कसा?

सरूने दोघांच्या हातांतून ती खोळ आपल्या कवेत घेतली. तिच्या पांढऱ्या साडीला लाल डाग पडत गेले. "सगळे मागे व्हा. गाडीत जाऊन बसा," ती हळू आवाजात म्हणाली. पण तोवर पाण्याची कळशी घेऊन एक म्हातारी वाटेने आली होती. ठमाबाई तिचं नाव. त्या दगडाला रोज पाणी घालणारी, दिवा लावणारी. तिने उघडा दगड पाहिला आणि अशी किंकाळी फोडली की चाळीवरचे गडी हातातल्या पाट्या टाकून धावले.

बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. काहींच्या हातांत काठ्या होत्या. आम्ही आणि गाडी यांच्या मध्ये ती उभी राहिली. त्यांच्यात पुढे होता तो सावळीराम. त्याचीच ती चाळ, आणि गावात त्याचा शब्द चालत असावा, कारण तो बोलायला लागला तसे बाकीचे थांबले.

"आमचा वीर हे तो," तो म्हणाला. "कोनी काढली खोळ?"

"मी," सरू म्हणाली.

माझ्या तोंडून "अगं" निघून गेलं. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि मी पुढचं गिळलं. गोरक्ष माझ्या उजव्या हाताला उभा होता, लंका त्याच्या पलीकडे. दोघांचे तळहात लाल होते. मी त्यांच्या पुढे सरकून उभी राहिले आणि देवाची प्रार्थना केली, की या माणसांचं लक्ष पोरांच्या हातांकडे जाऊ नये.

"शिकलेल्या बाईनं असं करावं?" सावळीराम कडाडला. पण आवाजात अजून अहो-जाहो होतं. शिक्षकाला खेड्यात थोडी आब असते. "ठमाबाय, आता काय करायचं सांग."

ठमाबाईने पदराने डोळे पुसले. "खोळ आपसूक पडती तं वाजतगाजत गिरणेत सोडली असती. आता काढेल शे. ज्याच्या हाती खोळ आली, त्यानंच पहिला शेंदूर लावायचा. नाय तं वीर गाव सोडून जातो. माझ्या सासूनं सांगेल शे."

"झालं तर मग!" मी पटकन म्हणाले. मला हायसं वाटलं. एक पोरगा पळत जाऊन शेंदराची वाटी आणि तेल घेऊनही आला. ठमाबाईने तिथेच बसून ते खललं आणि वाटी सरूपुढे धरली.

"लावा बाई, पाया पडा आनि जा," सावळीराम म्हणाला. "चूक झाली, सोडून देऊ."

सरूने खोळ हळूच खाली गवतावर ठेवली. हात मात्र पुढे केला नाही.

"मी लावणार नाही," ती म्हणाली. "मी बौद्ध आहे. आम्ही शेंदूर लावत नाही. तुमच्या देवाची नासधूस झाली, त्याची माफी मागते. दुसरी काय शिक्षा असेल ती सांगा, मी घेते."

लावून मोकळी हो गं, असं मला ओरडून सांगायचं होतं. बोटभर शेंदराचा प्रश्न, आणि मागे सगळी पोरं. पण तिच्याकडे पाहिलं आणि कळलं, की तिच्या वडिलांनी फडक्यात बांधलेले देव तिला आज कुणी परत हातात देत होतं. ते ती घेणार नव्हती.

 मग मागून कुणीतरी जातीचं नाव घेतलं, शिवी द्यावी तसं. पुढची माणसं नकळत पाऊलभर मागे सरली, आणि सरल्यावर जास्त चिडली.

"ए बाई," सावळीराम म्हणाला. अहो-जाहो गेलं होतं. "तू वीराला हात लावला? आमच्या वीराला? बाटवला तू आमचा देव!"

माझं डोकं फिरलं. "तोंड सांभाळून बोला!" मी ओरडले. "शिक्षिका आहे ती! तुमच्या पोरांना शिकवणारी माणसं अशी..."

"तुमचं गाव कोन्तं, ताई?" त्याने मध्येच विचारलं.

"सटाणा."

"आडनाव?"

मी सांगितलं.

"मग तुमी आपल्यातल्या. तुमी मधी नका पडू," तो म्हणाला, तेही अगदी मायेने. त्या मायेची मला शिसारी आली. त्याने पोरांकडे मान वळवली. "यांच्यात अजून किती हायेत तसले? नाव विचारा रे एकेकाचं. आडनावासकट."

दोघे-तिघे पुढे आले आणि पोरांना ओळीत उभं करायला लागले. एका टोकाने सुरुवात झाली. "नाव काय? आडनाव? बाप काय करतो?" पोरं उत्तरं देत होती. लंका ओळीच्या मध्यावर होती, आणि तिने लाल हात परकराच्या ओच्यात लपवले होते. सरूचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा पांढराफटक पडलेला पाहिला. ती ओळीकडे जायला निघाली, एकाने काठी आडवी धरली. तिने काठी हाताने बाजूला केली आणि सरळ जाऊन लंकाच्या मागे उभी राहिली. तोवर विचारणारा लंकाच्या अलीकडे दोन पोरांवर आला होता.

तेव्हा गोरक्ष ओळीतून बाहेर पडला.

"बाई खोटं बोलताहेत," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "खोळ मी काढली." त्याने दोन्ही तळहात पुढे करून दाखवले.

सावळीराम त्याच्यावर धावून गेला आणि त्याची मानगूट धरली. "तू कोन रे?"

"गोरक्ष निकम."

"कुठला निकम?"

त्याने सटाण्याजवळच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. आजोबांचं नाव सांगितलं. सावळीरामचा हात मानेवरून सुटला. त्याने पोराकडे खालीवर पाहिलं, मग मागे वळून इतरांकडे पाहिलं आणि चक्क हसला.

"आपलाच पोऱ्या हे की रे हा!"

सगळे हसले. काठ्या खाली आल्या. कुणीतरी गोरक्षच्या पाठीत धपाटा घातला, "मस्ती करतो का रे देवासंगं? आँ?" पण तो धपाटा मामाने भाच्याला घालावा तसा होता. ओळ मोडली, आडनावं विचारणं थांबलं. एकाने पोरांना पाणी आणायला कुणाला तरी पिटाळलं. काम तेच होतं, खोळ तीच होती, सरूच्या साडीवरचे लाल डागही तेच होते, पण आता ते कुणाला दिसत नव्हते. घटकेपूर्वी जो बाट होता, त्याची मस्ती झाली होती.

आणि त्या हसण्यात मला लंकाचे ओठ हलताना दिसले.

"मी पण हो..."

सरूच्या पंजाने तिचं तोंड झाकलं. मागून, घट्ट. तिने पोरीला आपल्या साडीत ओढून दाबून धरलं, आणि लंका धडपडत असताना तशीच धरून ठेवलं. गावातल्या कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि गोरक्षने पाहिलं. मग ठमाबाईने वाटी त्याच्यापुढे धरली. त्याने दोन्ही हातांनी शेंदूर घेतला आणि त्या काळ्या माणसावर, तलवारीवर, गाईंवर लावला. नीट, कोपरा न् कोपरा, खापराची माती काढताना लावायचा तितकं मन लावून. त्याला प्रसादाचं खोबरं मिळालं. आम्हांला वाट मिळाली.

गाडी निघाली.  सरू पुढच्या बाकावर बसली होती, तिच्याजवळ लंका. पोरीच्या गालावर चार लाल बोटं उमटली होती. गोरक्षच्या हातात ते खोबरं तसंच होतं, खाल्लेलं नव्हतं.

"बाई," लंका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "गोरक्षला खरं बोलता आलं. मला का नाही?"

 खिडकीतून कांद्याची रिकामी शेतं मागे जात होती.

"मी भ्याले," सरू म्हणाली.

"त्यांना?"

"तुझं आडनाव त्यांना कळेल, याला."  "इतकी वर्षं तुम्हांला सांगत आले, पाहिलं ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. आणि आज मीच तुला गाळलं. तुझ्या तोंडावर हात ठेवून गाळलं."

मागच्या बाकावरून गोरक्ष उठून आला. "बाई, मी एकट्याने काढली असं मी म्हणालो नव्हतो. पण दोघांनी काढली असंही म्हणालो नाही. मला वाटलं, आधी एकाचं नाव पुरे. मग ते हसायलाच लागले." त्याने नाक पुसलं. "ते का हसले, बाई?"

सरूने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली.

"सरू, वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. पोरांसमोर मी तिला कधी नावाने हाक मारत नसे. "सुटलोय ते पुष्कळ झालं! पोरीला काही झालं तर तिच्या आईला काय सांगशील?"

"पोर विचारतेय, मालन. तुझ्याकडे उत्तर असलं तर दे."

 सरू लंकाकडे वळली. "मी परत जाते आणि त्यांना सांगते, की तूही होतीस. तू इथे बस."

"मी तिथे नसताना माझं कसं सांगणार?"

"ते मारतील कदाचित."

लंकाने विचार केला. खापर चुलीतलं की दिव्यातलं हे ठरवताना करायची तसाच. "बोलायचंय मला," ती म्हणाली आणि उठली.

गाडी फार लांब आली नव्हती. बाकीच्या पोरांना ड्रायव्हरच्या ताब्यात देऊन आम्ही उन्हातून चालत परत निघालो. सरू आणि लंका पुढे, गोरक्ष त्यांच्या मागे, आणि सगळ्यांत मागे मी, सरूला, विद्यापीठाला आणि माझ्या नशिबाला शिव्या घालत.  सरूची ती चाल गेली होती.

लिंबाखाली माणसं अजून होती. बिड्या पेटल्या होत्या. ठमाबाई दिव्याची वात सारखी करत होती. आम्हांला पाहून सावळीराम उठून उभा राहिला, आणि एकेक करून बाकीचेही उठले.

सरू थांबली. लंका थांबली नाही, आणखी दोन पावलं पुढे गेली.

"मी लंका साळवे," ती म्हणाली. "ती खोळ आम्ही दोघांनी काढली. त्याने काडी घातली, मी धरली. एकट्याला पेलली नसती, जड होती."

 सावळीरामने लंकाकडे पाहिलं, तिच्या मागच्या सरूकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. आडनाव विचारायची गरज उरली नव्हती. त्याच्या जबड्याची शीर उडत होती. तो खाली वाकला. मला वाटलं, काठी उचलतोय. सरूलाही तेच वाटलं असावं, कारण तिने झेप घेऊन लंकाला मागे ओढलं.

त्याने पाण्याची कळशी उचलली होती. ती त्याने ठमाबाईपुढे आदळली.

"बये, धुवून घे देव."

"आत्ताच तं लेपला."

"धुवून घे म्हंतो ना!"

ठमाबाईने कळशीकडे पाहिलं, मग लंकाकडे पाहिलं. "मी नाय धुवायची," ती म्हणाली. "पोरीनं खोळ भुईवर पडू दिली नाय. तुले धुवायचा तं तू धू." आणि ती लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकून बसून राहिली.

मग सावळीरामने स्वतःच कळशी उचलली आणि दगडावर पाणी ओतलं. दुसऱ्या एकाने गवताचा बोळा घेऊन घासायला सुरुवात केली. ओला शेंदूर सुटला, पाणी लाल होऊन ढेकळांतून वाट काढत आमच्या पायांशी आलं. तलवारवाला माणूस पुन्हा उघडा पडायला लागला.

गोरक्ष आधी नुसता बघत राहिला. मग पुढे धावला. "का धुताय? मी नीट लावला होता! का धुताय?"

 त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्यामुळे," लंका म्हणाली. वर्गात निरीक्षण सांगायची त्याच आवाजात.

सरू तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने लंकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि ज्या आवाजाला आमची शाळा दचकायची त्या आवाजात म्हणाली, "नाही लंका. त्यांच्यामुळे."

सावळीरामचा हात कळशीवर तसाच थांबला. आम्ही पाठ फिरवून चालू लागलो. मागून दगड येईल या भीतीने माझी पाठ रस्त्यापर्यंत ताठ झाली होती, पण कुणी मारला नाही. गोरक्ष मात्र गाडीपर्यंत हुंदके देत होता, आणि लंका त्याला सारखी म्हणत होती, रडू नको, रडू नको.